नकोनको टर्मिनस

कॉलेजात असताना मी पुण्यात जपानी शिकले. वर्ग रविवारी सकाळी सातला असायचा. त्या वेळी पुण्यात फक्त दूधवाले आणि जपानी शिकणारे जागे असतात. पुढे कंपनीत लागले, साहेब म्हणाले, "तुला जपानला पाठवायचं नक्की आहे," आणि मी कंबरेत किती वाकायचं, व्हिजिटिंग कार्ड दोन्ही हातांनी कसं द्यायचं, हेसुद्धा घोकून ठेवलं. मग ते काम दुसऱ्या कुठल्या कंपनीला गेलं आणि मला आयर्लंडला पाठवलं, डंडॉकला. इथं कार्ड दोन्ही हातांनी दिलं तर समोरचा माणूस घाबरून विचारतो, की हे जड आहे का.

त्यामुळे माझं जपानी नूडल्सच्या पाकिटामागच्या सूचना वाचण्यापुरतं उरलं होतं. गरम पाणी घाला, थांबा, खा. एवढ्यासाठी मी परीक्षा दिल्या होत्या.

एका शनिवारी लायब्ररीच्या फळ्यावर एक चिठ्ठी दिसली. "जपानी वाचता येणारी व्यक्ती हवी. रेल्वेचं काम. चहा मिळेल." मला वाटलं, जपानकडून गाड्या घेत असतील. मी ब्लेझरला इस्त्री केली, सीव्हीच्या दोन प्रती काढल्या आणि पत्त्यावर पोचले. तो पत्ता चर्चमागच्या हॉलचा होता. आत एका लांबलचक टेबलाभोवती पाच म्हातारी माणसं डोळ्यांना भिंगं लावून बसली होती आणि टेबलावर हाताच्या बोटाएवढे रेल्वेचे डबे पडले होते.

अध्यक्ष दातांचे निवृत्त डॉक्टर होते. त्यांनी माझा सीव्ही शेवटच्या ओळीपर्यंत वाचला, घडी घालून खिशात ठेवला आणि विचारलं, "डिंकाच्या वासानं डोकं दुखत नाही ना तुझं? मग ग्रँड." इथं 'छान, चालेल' याला ग्रँड म्हणतात.

तो गावातला खेळण्यातल्या रेल्वेचा क्लब होता. त्यांना तो शब्द आवडायचा नाही. खेळणं नव्हे, प्रतिकृती. त्यांनी एका लिलावात खोक्यांचा ढीग घेतला होता. कुणाचा तरी अर्धवट राहिलेला छंद. सगळं मिळून जपानमधल्या एका लहान गावाचं टर्मिनस आणि तिथून निघणाऱ्या दोन लोकल लाइनी होणार होत्या. प्रत्येक पिशवीवर, प्रत्येक कागदावर फक्त जपानी.

"पण जपान का?" मी विचारलं.

"इतकी वर्षं आम्ही आमच्याकडची बंद पडलेली स्टेशनं केली," अध्यक्ष म्हणाले. "प्रदर्शनात लोक येतात, बघतात आणि रडतात. एकदा तरी न रडवणारं स्टेशन करायचंय."

मी ब्लेझर काढून खुर्चीला लावला आणि बसले.

माझं जपानी ऑफिसातलं होतं. 'आपल्या सहकार्याबद्दल आम्ही ऋणी आहोत' हे मी झोपेतही म्हणू शकते. पण खाच, बिजागरी, पन्हळ हे शब्द कुणी शिकवलेच नव्हते. मी ज्याला 'वरची बाजू' म्हटलं ती खालची निघाली आणि पहिला अख्खा प्लॅटफॉर्म उलटा चिकटला. अध्यक्षांनी दात काढायच्या हत्यारांनी तो हलके हलके सोडवला. "अक्कलदाढेपेक्षा सोपं आहे," म्हणाले. "आणि ओरडत नाही."

हळूहळू गाव उभं राहिलं. मध्ये रूळ संपतात ते स्टेशन, निळ्या कौलांचं. डावीकडची लाइन टेकडीला वळसा घालून भातखाचरांतून जाणारी, उजवीकडची समुद्राच्या कडेनं. दोन्हीकडे धावणाऱ्या गाड्या एकेका डब्याच्या. एक नारिंगी, एक साईच्या रंगाची. गाडी यायची, टर्मिनसच्या दांड्यापाशी थांबायची, जरा दम खायची आणि आल्या वाटेनं परत जायची. मला ते बघत राहावंसं वाटायचं.

अडलं ते नावावर. खोक्यातल्या नावाच्या पाट्या कोऱ्या होत्या. क्लबातले दाढीवाले गृहस्थ जमीनमोजणीतून निवृत्त झालेले होते आणि त्यांना सगळं तंतोतंत लागायचं. त्यांचं म्हणणं, खऱ्या स्टेशनचंच नाव पाहिजे. अध्यक्षांचं म्हणणं, खरं नाव दिलं की जगातला प्रत्येक जाणकार येऊन चुका काढणार. दर शनिवारी हे भांडण चहाबरोबर निघायचं आणि चहाबरोबर संपायचं.

तेवढ्यात माझी आई आली.

आई कराडची. उन्हाळ्यात तीन महिने राहायला आली होती. वडील आले नव्हते; त्यांचा गुडघा त्यांना विमानात बसू देत नाही. आईला इंग्रजी येत नाही, पण बोलायचं ती थांबत नाही. शनिवारी एकटी घरात बसणार नाही म्हणाली, म्हणून तिला हॉलवर घेऊन गेले. दारातच ती थबकली.

"अगं, ही एवढी म्हातारी मानसं आगगाडी आगगाडी खेळत्यात?"

"प्रतिकृती म्हणायचं, आई."

"म्हंजे खेळत्यातच की."

क्लबात एक बाई होत्या, जन्मभर बेकरी चालवलेल्या. त्या दर शनिवारी स्कोन, म्हणजे इथले गोडसर छोटे पाव, भाजून आणायच्या. त्यांनी आईपुढे बशी धरली. आई म्हणाली, "नको, नको." त्यांनी लोण्याची वाटी पुढे केली. "नको, नको." जॅम. "नको नको." आपल्याकडे तीनदा नको म्हटल्यावर चौथ्यांदा घ्यायचं असतं. आयर्लंडमध्येही अगदी तसंच असतं, त्यामुळे बेकरीच्या बाईंनी चौथ्यांदा बशी पुढे केली आणि आईनं दोन उचलले. त्या दोघींचं तिथंच जमलं.

मग आई बशी घेऊन उभी राहिली. टेबलावर जागा नव्हती, सगळीकडे जपान पसरलेला. तिनं मला विचारलं, "हिकडं ठिवू का तिकडं?"

अध्यक्षांनी भिंग वर केलं. "काय म्हणाल्या त्या?"

"बशी कुठं ठेवू विचारतेय. हिकडं की तिकडं."

"हिकाडा," अध्यक्ष जिभेवर घोळवत म्हणाले. "तिकाडा. आणि मघाशी ते सारखं काय म्हणत होत्या?"

"नको नको."

दाढीवाल्यांनी पेन्सिल उचलून कागदावर ती तीन नावं लिहिली आणि लांब धरून बघितली. त्यांच्या चेहऱ्यावरून कळत होतं की त्यांना आवडली आहेत आणि त्याचं त्यांना वाईट वाटतंय.

मी पुढे होऊन स्पष्ट सांगितलं की हे जपानी नाही, मराठी आहे. हिकडं म्हणजे इथे, तिकडं म्हणजे तिथे, आणि नको म्हणजे नको.

"मग बरोबरच आहे," अध्यक्ष म्हणाले. "एक गाडी इथे जाते, एक तिथे जाते. आणि टर्मिनसला पोचलं की गाडी म्हणते, आता पुढे नको. याहून प्रामाणिक रेल्वे मी पाहिली नाही."

मत घेतलं. आईनंही हात वर केला. कशासाठी ते तिला ठाऊक नव्हतं, पण सगळ्यांनी केला होता.

पाट्या मी रंगवल्या. टर्मिनसची 'नाकोनाको' सरळ लिहिता आली. 'ड'चा 'द' करून 'हिकादा'ही. 'तिकडं'शी मात्र अडचण आली. जपानी अक्षरांत साधा 'ति' नाही, जवळचा 'चि'. तेव्हा उजवीकडचं समुद्रकाठचं स्टेशन झालं चिकादा.

"चिकादा म्हंजे?" आईनं विचारलं.

"तिकडंच, आई. जपानीत."

"मग तिकडं म्हनायला त्यांना काय हुतंय?"

आता आईला त्या रेल्वेत हक्क मिळाल्यासारखं झालं. पुढच्या शनिवारी तिनं सगळ्या स्टेशनची पाहणी केली आणि कमरेवर हात ठेवले.

"मानसं कुटं हायत?"

मी विचारलं. दाढीवाल्यांनी समजावलं की जपानमध्ये अशा लहान स्टेशनवर फार माणसं नसतात, दिवसाकाठी दोन-तीन. खोक्यात तीनच आली आहेत आणि तेवढी बरोबर आहेत. मी भाषांतर केलं.

"मानसं न्हाईत तर गाडी कशाला सोडत्यात? रूळ झिजवायला?" आई म्हणाली. "थांब, मी आनते मानसं."

घरी येऊन तिनं कणीक मळली आणि त्यातून प्रवासी केले. डोक्यावर बोचकं घेतलेली बाई, फेटेवाला म्हातारा, मांडीवर कोंबडी घेऊन बसलेली आणखी एक बाई. दुसऱ्या आठवड्यात ती सगळी मंडळी डब्यातून काढून तिनं प्लॅटफॉर्मवर उभी केली. बोचकंवाली बाई स्टेशनच्या कौलापेक्षा उंच होती. कोंबडी नारिंगी डब्याएवढी.

दाढीवाले उठून खिडकीपाशी गेले आणि पाठ करून उभे राहिले.

अध्यक्षांना वाईट वाटलं. ते माझ्याकडे वळून हळूच म्हणाले, की युवर मॅनच्या मते माणसं जरा मोठी आहेत. इथं समोरच्या कुठल्याही बाप्याला 'युवर मॅन' म्हणतात. त्याचा तुमच्याशी काही संबंध असावा लागत नाही. मी घाईत आईला सांगून बसले, "तुझ्या माणसाला वाटतंय, ही फार मोठी झालीत."

"माझा मानूस?" आई कडाडली. "माझा मानूस कराडात गुडघा धरून बसलाय! ह्यो कोन?"

ते निस्तरायला मला वेळ लागला. निस्तरल्यावर आईनं विचारलं, की मग माणूस केवढा पाहिजे? दाढीवाल्यांनी खिशातून चिमटा काढला आणि खोक्यातल्या तिघांपैकी एक जण तिच्या तळहातावर ठेवला. शिजलेल्या बासमतीच्या शिताएवढा. सगळं खऱ्याच्या दीडशेपट लहान, ते म्हणाले, आणि हा नियम आहे.

आईनं तळहात डोळ्यांजवळ नेला. मग हसली. "हात्तिच्या. हे तर गव्हले."

गव्हले म्हणजे रव्याच्या घट्ट पिठाचे, बोटांच्या चिमटीत वळलेले तांदळाएवढे दाणे. लग्नाकार्यात खिरीला लागतात. माझ्या आईच्या वयाच्या बायका गप्पा मारता मारता परातभर वळतात. तिनं रवा भिजवला, एक चिमूट अंगासाठी, एक कण डोक्यासाठी, आणि वळत सुटली. कपड्यांना हळद, कुंकू आणि कॉफी. डंडॉकला वाळवणाला ऊन कुठलं? घरातल्या सगळ्या हीटरांवर ताटं मांडली. जूनमध्ये हीटर लावून मी घामाघूम होऊन ऑफिसच्या मीटिंगा केल्या आणि मागे ताटांत अख्खं गाव वाळत पडलेलं होतं.

दाढीवाल्यांनी एकेक प्रवासी भिंगाखाली तपासला. उंची बरोबर होती. ते त्यांना कबूलही करावं लागलं. मग म्हणाले, "याला तोंड नाही."

मी आईला सांगितलं.

"गाडी चुकल्यावर कुनाला तोंड ऱ्हातंय?" आई म्हणाली.

मी भाषांतर केलं. दाढीवाले हसले. त्यांना हसताना क्लबातल्या कुणी कधी पाहिलं नव्हतं. बेकरीच्या बाईंनी हातातली किटली खाली ठेवून खात्री करून घेतली. त्या दिवशी त्यांनी स्वतः चिमट्यानं प्रवासी लावले. प्लॅटफॉर्म भरला, जिना भरला, भातखाचरांतून लोक स्टेशनकडे धावू लागले. जपानमधलं ते निवांत गाव एकदम जत्रेला निघालं.

प्रदर्शनाच्या सकाळी मी आणि आई हॉलवर पोचलो तेव्हा सगळे टेबलाभोवती टोप्या काढून उभे होते. प्लॅटफॉर्म रिकामा होता. जिना रिकामा. खाचरांत चिटपाखरू नाही. खोक्यातले तीन प्लास्टिकचे प्रवासी तेवढे उभे होते, आणि रुळांमध्ये उंदराच्या लेंड्या.

"सगळे गेले," अध्यक्ष म्हणाले.

दाढीवाले तर फारच खचले होते. ते जिन्याकडे बोट दाखवून मला म्हणाले, "तिथं एक कुंकवाच्या कोटातला होता. त्याला मी अगदी पहिल्या पायरीवर लावला होता."

आईनं रिकाम्या स्टेशनकडे पाहिलं आणि पदर खोचला. "खाल्ली म्हंजे चवीला चांगली हुती. रवा हाय का?"

रवा नव्हता. बेकरीच्या बाई घरी जाऊन आपल्या प्रेसमधून कसलं तरी पीठ घेऊन आल्या. प्रेस म्हणजे इथं कपाट. आईनं त्यात हळदीबरोबर घरून मागवलेलं लाल तिखट मूठभर घातलं, उंदराला धडा म्हणून. मग हॉलच्या स्वयंपाकघरात आयर्लंडची पाच म्हातारी माणसं ओळीनं बसून गव्हले वळायला लागली. अध्यक्षांचे छान व्हायचे, पण सगळे दाढेसारखे दिसायचे. दाढीवाल्यांनी एकच केला, पण त्यासाठी सगळा वेळ घेतला. बटबटीत हिरव्या पदराची, कमरेवर हात ठेवलेली बाई. पदराला बडीशेपेचा कण होता. त्यांनी ती कुणाला न दाखवता नाकोनाकोच्या मुख्य दारात ठेवली. आईनं बघितलं आणि काही बोलली नाही. आई काही बोलली नाही, हे मी आयुष्यात क्वचित अनुभवलंय.

लोक यायला लागले. नव्या प्रवाशांना वाळायला वेळच मिळाला नव्हता. ते ओले होते, पण पोचले होते. अध्यक्षांनी मला माइक दिला होता. गाडी सुटताना मी जपानीत घोषणा करायची. मी केली. एक नंबरवरून हिकादाला जाणारी गाडी सुटत आहे. दोन नंबरवरून चिकादाला जाणारी. माझ्या स्वतःच्याच अंगावर शहारा आला. इतक्या रविवारांचं जागरण शेवटी एका प्लॅटफॉर्मवर येऊन उभं राहिलं होतं.

आणि तेव्हाच चिकादाची नारिंगी गाडी कडेला उभ्या असलेल्या एका ओल्या प्रवाशाला घासून गेली. तो चाकाला चिकटला. मग त्याच्या मागचा चिकटला. सहा-सात जण चाकात गुंडाळले गेले, डबा एका अंगावर उचलला गेला, डुगडुगला, आणि गर्दीच्या देखत समुद्रात पडला.

अध्यक्ष पांढरे पडले. माइक माझ्या हातात होता. काय करावं मला सुचलं नाही. पण अंगाला सुचलं. मी टेबलापुढे आले, पाय जुळवले, हात मांड्यांवर ठेवले आणि पाठ सरळ ठेवून पूर्ण वाकले.

"मोशिवाके गोझाइमासेन," मी म्हणाले. आमच्याकडून अक्षम्य चूक झाली आहे. प्रवाशांना झालेल्या गैरसोयीबद्दल नाकोनाको रेल्वे मनापासून क्षमा मागते.

वाकलेली असतानाच शेजारी हालचाल जाणवली. आई येऊन उभी राहिली होती. मुलगी वाकली म्हणजे कुणीतरी मोठं आलं असणार, असं समजून ती हात जोडून वाकली. तिच्या शेजारी दाढीवाले वाकले. मग अध्यक्ष, मग बेकरीच्या बाई गुडघा धरून, मग उरलेले दोघं. अख्खा क्लब ओळीनं वाकून उभा.

टाळ्यांचा असा कडकडाट झाला की हिकादाच्या लाइनवरचे दोघं-तिघं आडवे झाले. गाडीच्या गैरसोयीबद्दल कुणीतरी आपल्यापुढे वाकतंय, हा अनुभव बहुधा त्या गर्दीत कुणालाच नव्हता. एका आजोबांनी पुढे येऊन अध्यक्षांचा हात हातात घेतला आणि विचारलं, "पुन्हा कधी पडणार आहे? माझी बायको कार लावायला गेलीय, तिचं चुकलं."

अध्यक्षांनी घड्याळ बघितलं आणि म्हणाले, "अर्ध्या तासानं."

त्या दिवशी नारिंगी गाडी दर अर्ध्या तासाला समुद्रात पडली आणि आम्ही दर अर्ध्या तासाला वाकलो. दुपारपर्यंत रांग दाराबाहेर गेली. संध्याकाळी आईची कंबर धरली, पण तिनं एकही खेप चुकवली नाही.

गर्दी ओसरल्यावर एक जपानी बाई टेबलापाशी आल्या. इथल्याच, लग्न होऊन आलेल्या. पाट्या वाचता वाचता त्या गोंधळून माझ्याकडे वळल्या आणि जपानीत विचारलं, नाकोनाको कुठल्या भागात येतं? मी अडखळत सगळं सांगितलं: नको म्हणजे काय, हिकडं म्हणजे काय, आई कोण. त्या तोंडावर हात ठेवून पुष्कळ हसल्या.

"माझ्या आजोळचं स्टेशन अगदी असंच आहे," त्या म्हणाल्या. "निळी कौलं, दोन लाइनी, एकेक डबा. फक्त इतके प्रवासी कधी नव्हते. मी लहानपणी तिथं बसून म्हणायचे, कुणीतरी यावं."

मी ते आईला सांगितलं. आईनं प्लॅटफॉर्मवरून हळदीच्या कोटातला एक प्रवासी उचलला, कागदाच्या रुमालात गुंडाळला आणि त्यांच्या हातात दिला. "तिला म्हनावं, ह्याला आजोळी सोड." त्यांनी तो दोन्ही हातांनी घेतला.

जाताना त्या माझ्याकडे वळून म्हणाल्या, "तुमची माफी फार सुंदर होती. फक्त जरा जास्त झाली. एवढं आमच्याकडे मंत्री राजीनामा देताना वाकतात."

आम्हाला बक्षीस मिळालं नाही. परीक्षकांच्या शेऱ्यात 'लोकप्रिय, पण प्रवाशांना तिखटाचा वास येतो' असं लिहिलं होतं. एक परीक्षक डोळे चोळत घरी गेले, तो भाग शेऱ्यात नव्हता.

आई ऑगस्टच्या शेवटी परत गेली. विमानतळावर दाढीवाले आले होते. त्यांनी तिला एक भिंग दिलं, दोरीसकट. आता ती ते गळ्यात घालून तांदूळ निवडते. परवा वडिलांचा फोन आला. म्हणाले, "अगं, तुझी आई हितं सगळ्यांना सांगती, की ती आयर्लंडात रेल्वेत हुती. शेजारची विचारून गेली, पेन्शन किती बसली म्हणून. काय सांगू तिला?"

मागून आईचा आवाज आला, "निवृत्त न्हाई म्हनावं. रजेवर हाय."